विकलेली वाद्ये
(न्यासाच्या महोत्सवी संमेलनात बडोदे येथे झालेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहिले की संस्थेने काय काय मिळविले याचा पाढा वाचावा, असा रिवाज आहे. ते काम चिटणीसांनी आताच उत्तम रीतीने केले. शिष्यवृत्त्यांचे आकडे, वाचनालयातील पुस्तके, सभागृहाचे नवे छप्पर, सारे आपल्या कानांवर आले. आम्हांस मात्र आज आपल्या घरांतून जे गेले त्याविषयी बोलायचे आहे. विषय ऐकून कोणी दचकू नये. दागिन्यांविषयी किंवा जमिनींविषयी आम्ही बोलणार नाही. त्यांविषयी बोलणारे एक तरी काका प्रत्येक घरात असतातच. आम्ही बोलणार आहोत ते वाद्यांविषयी. विकलेला तंबोरा, कोणीतरी उचलून नेलेली पेटी, घ्यायची राहून गेलेली सतार, आणि हो, गिटारसुद्धा.

नोकरीतून मोकळे झाल्यापासून आपल्या समाजातील घरोघरी जाऊन जुनी वाद्ये पाहावी, जमल्यास तारा बदलून द्याव्या, सैल खुंट्या बसवून द्याव्या, असा एक उद्योग आम्ही मागे लावून घेतला आहे. त्यात दाम नाही, चहा मात्र पुष्कळ आहे. या फेऱ्यांत आम्हांस वाद्ये थोडी आणि हळहळ फार आढळली. दांडिया बाजार असो, रावपुरा असो, की विश्वामित्रीपलीकडच्या नव्या वसाहती असोत, चहाचा पहिला घोट होतो न होतो तोच कोणीतरी म्हणतेच, "आमच्याकडे होता हो एक तंबोरा. काय त्याचा आवाज! पण विकला." मग क्षणभर सगळे गप्प. सोने विकल्याची गोष्ट माणसे हिशेबाने सांगतात. तेव्हा भाव काय होता, आज किती झाला असता. तंबोरा विकल्याचे सांगताना आवाज खाली जातो. घरातल्या कोणाला परक्याच्या हवाली केल्यासारखे ते बोलतात. हा फरक का पडतो, याचा विचार करता करताच हे भाषण तयार झाले.

आपल्या गावच्या मराठी घरांत वाद्ये आली कोठून, हे तरुण मंडळींना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून दोन शब्द. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. सुरसागराच्या काठची ती परंपरा आज विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या रूपाने चालू आहे. गाणे दरबारातून शाळेत आले, आणि शाळेतून कारकुनाच्या, मास्तरांच्या, कारभाऱ्यांच्या घरात शिरले. फैयाजखाँसाहेब येथलेच दरबारी गवई. ते १९५० साली येथेच निवर्तले. अब्दुल करीमखाँसाहेबांनीही उमेदीची काही वर्षे येथे काढली आणि पुढे मिरजेस बिऱ्हाड केले. त्यांची कन्या हिराबाई जन्मभर 'बडोदेकर' म्हणून गाजली, तेव्हा या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी राहिले ते गाण्यामुळे, हे विसरून चालणार नाही. खाँसाहेबांना वाद्य दुरुस्त करण्याचाही नाद होता, असे त्यांच्याविषयी सांगतात. आम्हांस ही गोष्ट त्यांच्या तानांइतकीच मोलाची वाटते. ज्याला गाता येते त्याला आपल्या तंबोऱ्याची खुंटी बसविता यावी, यात कमीपणा कसला?

मिरजेचे नाव निघाले आहे तर तंबोरा कसा होतो तेही सांगून टाकतो. एरवी विकलेल्या वस्तूची किंमत कळायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेतील फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊबंद या धंद्यात उतरले. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, हात मात्र कसबी राहिले, आणि ते हात लाकडाकडे वळले. आजही मिरजेत त्याच घराण्यांचे वंशज सतारी आणि तंबोरे करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपण सर्वांनी आनंद मानावी अशी गोष्ट आहे.

तंबोऱ्याचे मूळ झाडावर नसते, वेलीवर असते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे कडू भोपळ्याचे मोठे वेल लावतात. ते भोपळे वेलीवरच वाढवून, वाळवून, पोकळ करून कारागिराकडे येतात. भोपळा केवढा व्हावा, त्याचा घेर कसा पडावा, पाठ किती जाड निघावी, हे शेतकऱ्याच्या हातात पुरते नसते आणि कारागिराच्या तर नसतेच. म्हणजे कारागीर वाद्याचे माप ठरवितो खरा, पण आधी भोपळ्याकडे पाहून. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते, घोडी बसते, चार तारा ताणल्या जातात. आणि हे सगळे झाल्यावरही तंबोरा मुका असतो. घोडीची पाठ कानसेने घासून घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून, तो नेमका जेथे बोलतो ती जागा हुडकावी लागते. तिलाच जवारी म्हणतात. ही जवारी मोजपट्टीने लागत नाही, कानाने लागते. आणि वाजता वाजता काही महिन्यांत ती झिजते, पुन्हा लावावी लागते. आता आपणच विचार करा. वेलीवर एकदाच वाढलेला भोपळा, एका माणसाच्या कानाने लागलेली जवारी, आणि तीस-चाळीस वर्षे एका गळ्याच्या सोबतीने कसलेले लाकूड! ही वस्तू विकली, तर उद्या दुप्पट पैसे घेऊन बाजारात गेलात तरी दुसरा तंबोरा मिळेल. तो मिळणार नाही. सोन्याचे तसे नसते. सोने वितळवून पुन्हा सोनेच होते.

वाद्ये गेली त्याची कारणे फार गूढ नाहीत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराच्या आधाराने चाललेल्या पुष्कळ बिऱ्हाडांची घडी मोडली. मग वाडे गेले. वाड्यात ओसरी होती, माजघर होते, तंबोऱ्याच्या खोळीला भिंतीचा एक कोपरा हक्काचा होता. दोन खोल्यांच्या सदनिकेत चार-साडेचार फुटांचा तंबोरा कोठे उभा करावा? कपाट येते आणि तंबोरा जातो. पुढे १९७९ साली बंगळूरहून विजेचा तंबोरा बाजारात आला. डब्याची कळ फिरविली की सूर चालू. आता तर तो खिशातल्या फोनमध्येच बसला आहे. आम्ही या डब्याची निंदा करणार नाही. प्रवासात तो उपयोगी आहे, आणि पहाटे चार वाजता शेजाऱ्यांच्या दृष्टीने कमी उपद्रवी आहे. पण डबा आल्यावर घरातला खरा तंबोरा 'जास्तीचा' ठरला, हेही खरेच.

पेटीची गोष्ट थोडी वेगळी. ती मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचा हक्क नोंदविला. आपल्याकडे संगीत नाटकांनी तिला घरोघरी नेले. मग १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले, आणि पुढे तीस वर्षे ते उघडले नाही. रेडिओवर नाही ते वाद्य कमअस्सल, असा समज त्या काळात पसरला आणि तो पुष्कळ घरांत शिरला. जुन्या परदेशी पेट्यांवर आणखी एक संकट असे की त्यांचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, पेटीपेक्षा मौल्यवान असतात. पॅरिसच्या सुरांची पेटी म्हटली की जाणकाराचे डोळे चमकतात. त्यामुळे पेटी घेणारा कित्येकदा वादक नसतोच. तो सूर काढून नव्या खोक्यात बसवितो आणि जुने शिसवी-सागवानी अंग भंगारात टाकतो. निदान सूर तरी कोठेतरी बोलत राहतात, असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घालतो.

आता ज्यांनी आमच्याकडे आपले मन मोकळे केले त्यांतील काहींविषयी, नावे न घेता. त्यांची परवानगी आम्ही घेतली आहे, आणि त्यांतील काही आज समोरच बसले आहेत.

एका घरात तंबोऱ्यांची जोडी होती. आजी गात असत. मोठ्या गवई नव्हत्या, पण देवघरासमोर रोज संध्याकाळी तास दीड तास बसत. मुलाला अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, वसतिगृहाचे पैसे भरायचे होते, आणि आजोबा तर आदल्याच वर्षी वारलेले. आजींनी जोडीतला एक तंबोरा काढला. दोन्ही का नाही, असे आम्ही विचारले, तेव्हा मुलगा, म्हणजे आज सत्तरी ओलांडलेले नाना, म्हणाले, "आईने मोठा विकला. म्हणाली, लहान माझ्या मांडीवर बसतो." पुढे नाना मोठे अभियंता झाले आणि त्यांनी तो तंबोरा शोधावयास घेतला. विकत घेणाऱ्याचा पत्ता लागला, त्याच्याकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. शेवटी तो सापडला एका हॉटेलच्या दिवाणखान्यात. तारांवाचून, वर चकाकता रंग फासलेला, पोटाला भोक पाडून आत दिवा बसविलेला. नाना तेथे चहाही न घेता परतले. आम्ही त्यांना विचारले, "आईने विकला नसता तर बरे झाले असते का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर मी अभियंता झालो नसतो. आणि तंबोरा गेल्याचे दुःख तरी मला कशाने कळले असते? मला गाणे येत नाही."

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आपण समजतो की जेथे हळहळ आहे तेथे चूक झालेली असली पाहिजे. हे खरे नाही. आजींचा निर्णय बरोबर होता आणि हळहळही खरी होती. दोन्ही एका घरात पन्नास वर्षे सुखाने नांदली.

दुसरी गोष्ट न घेतल्याची. आपल्यापैकी कित्येकांना शिकविलेले एक मास्तर होते. १९६० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. एक पारशी कुटुंब गाव सोडून चालले होते. त्यांच्या घरी पायपेटी, पॅरिसची, सूर पहिल्या दिवसासारखे. किंमत मास्तरांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. मास्तर तीन संध्याकाळी जाऊन वाजवून आले. चौथ्या दिवशी गेले नाहीत, कारण मुलीचे लग्न ठरले. पेटी अहमदाबादेस कोणाकडे तरी गेली. त्यानंतर मास्तर चाळीस वर्षे जगले आणि पेटीचे नाव काढले नाही असा महिना गेला नसेल. त्यांची पत्नी, आमच्या काकू, थट्टेने म्हणत, "आमच्या घरात एक सवत आहे, पण ती अहमदाबादेस नांदते." आणि गंमत पाहा, मास्तरांच्या बोलण्यात ती पेटी दरवर्षी अधिक गोड होत गेली. भाता कधी फुटला नाही, एकही सूर कधी बेसूर झाला नाही, पावसाळ्यात पट्ट्या कधी फुगल्या नाहीत. विकलेल्या तंबोऱ्याची जवारी कधी उतरत नाही आणि न घेतलेली पेटी कधी दुरुस्तीला जात नाही. हळहळणाऱ्या मंडळींनी, आम्ही नम्रपणे सुचवितो, एवढे लक्षात ठेवावे की आठवणीतले वाद्य हे घरातल्या वाद्यापेक्षा नेहमीच सरस असते, कारण त्याची देखभाल करावी लागत नाही.

गिटारचे आम्ही म्हटले होते. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या तरुणांत हवायन गिटारची मोठी हौस होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. व्हॅन शिप्ले यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजत. १९६७ साली ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी केली, तेव्हा वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली की या परदेशी लाकडातून आपला राग निघू शकतो. मग ती हौस ओसरली. बँकेत नोकरी लागली, बदली झाली, गिटार गेली. अशाच एका गृहस्थांनी आपली गिटार वर्गमित्राला विकली होती. तो मित्र आजही ती वाजवितो, आणि हे दोघे वर्षातून एकदा भेटतात तेव्हा गिटारही भेटते. त्यांना विचारले तर म्हणतात, "वाईट वाटते, पण बरे वाटते." आम्हांस हे मराठी फार आवडले.

गिटारची हळहळ हा तर आता साऱ्या जगाचा विषय झाला आहे. अमेरिकेत गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल जातीची, तांबूस-पिवळी झाक दिलेली एक विजेची गिटार काढली. किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास. गिऱ्हाईक फारसे लाभले नाही. सुमारे दीड हजार नग निघाले आणि कंपनीने ती घडणच बदलली. पुढे १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाची त्या गिटारवरची तबकडी निघाली आणि ज्याला त्याला तीच हवीशी झाली. १९६८ साली कंपनीने लेस पॉल पुन्हा काढावयास घेतली, पण लोकांना हव्या होत्या त्या जुन्याच. आज त्यांतील एकेक लाखो डॉलरांना जाते. दुकानात पाहून परत फिरलेले आणि चार वर्षे वाजवून विकलेले किती असतील त्याची गणती नाही.

त्यांतही पीटर ग्रीनची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. हा इंग्लंडचा एक विलक्षण वादक. त्याच्या १९५९ च्या गिटारमधील एक चुंबक उलटा बसलेला होता, म्हणजे हिशेबाने पाहिले तर दोषच. पण त्या दोषातून असा काही पोकळ, दूरचा स्वर निघे की तो पुन्हा कोणाला सहजी साधला नाही. १९७० नंतर ग्रीनचे मन संसारातून उडाले आणि त्याने ती गिटार गॅरी मूर या तरुण वादकाला देऊन टाकल्यासारखी विकली. मूरने आपली जुनी गिटार विकून जे पैसे आले तेवढेच त्याने घेतले. मूरने ती तीस वर्षांहून अधिक काळ वाजविली, १९९५ साली ग्रीनच्या रचनांची एक सबंध तबकडी केली, आणि २००६ साली त्यानेही ती विकली. २०१४ पासून ती कर्क हॅमेट या तिसऱ्या वादकाकडे आहे आणि तोही तिला काचेच्या पेटीत ठेवीत नाही, मंचावर नेतो. आता ही गिटार ग्रीनने गमावली म्हणायची की राखली?

याउलट डेव्हिड गिल्मर. त्याने २०१९ साली न्यूयॉर्कला आपल्या शंभराहून अधिक गिटारी एकाच दिवशी लिलावात काढल्या. १९७० साली घेतलेली आणि जन्मभर वाजविलेली त्याची काळी गिटार एकटीच ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली. सारे मिळून दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम झाली आणि ती त्याने पृथ्वीच्या हवामानासाठी लढणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला दिली.

आणि आपण सारे एका न्यासाचे सभासद आहोत, म्हणून हे एक उदाहरण खास आपल्यासाठी. जपानमध्ये निप्पॉन म्युझिक फाउंडेशन नावाची संस्था आहे. ती उत्तमोत्तम जुनी व्हायोलिने संपादन करते आणि वादकांना वापरावयास देते. कपाटात ठेवीत नाही. तिच्याजवळ १७२१ सालचे, स्ट्रॅडिव्हरीने घडविलेले 'लेडी ब्लंट' नावाचे व्हायोलिन होते. २०११ च्या मार्चमध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार झाला. संस्थेने त्याच वर्षी ते व्हायोलिन विकले. ९८ लाख पौंड आले, ते सर्व आपद्ग्रस्तांसाठी दिले. त्या विश्वस्तांना हळहळ वाटली असेल का? आम्हांस वाटते, वाटली असेल. तरी आम्ही त्यांना दोष देणार नाही, आणि आपणही देणार नाही.

इतके सगळे कशासाठी सांगितले? तर आमच्या फेऱ्यांत एक गोष्ट दिसली, जी विकलेल्या वाद्यांहून अधिक मनाला लागली. ती म्हणजे न विकलेली वाद्ये. आपल्या समाजात अजून बरेच तंबोरे आहेत, सतारी आहेत, दोन-तीन दिलरुबे आहेत, पेट्या तर आहेतच. कोठे आहेत? माळ्यावर. पत्र्याच्या ट्रंकेमागे, जुन्या गाद्यांखाली, पाण्याच्या टाकीशेजारी. भोपळ्याला कीड लागली आहे, भाते उंदरांनी कुरतडले आहेत, तबलीला चीर गेली आहे. आम्ही विचारतो, "कोणा शिकणाऱ्याला देता का?" घरधनी दचकतो. "छे, छे! आजोबांचा आहे. शेजारच्यांनी विकला, अजून रडतात. आम्ही नाही हो तसे करणार." म्हणजे शेजाऱ्याची हळहळ पाहून याने धडा घेतला तो असा, की वाद्य मरू द्यावे पण हातचे जाऊ देऊ नये! विकणाऱ्यांना आपण इतका दोष दिला, त्यांच्या गोष्टी इतक्या खालच्या आवाजात सांगितल्या, की राखणारे घाबरून गेले. वाद्याची राखण म्हणजे वाद्य वाजत ठेवणे. भिंतीआड कोंडलेला तंबोरा पाच पावसाळ्यांत हॉटेलातल्या दिव्याच्या तंबोऱ्याइतकाच मुका होतो. फरक एवढाच की त्याच्या पोटात दिवाही नसतो.

आणि दुसऱ्या बाजूला काय आहे तेही आम्ही पाहतो. आपल्याच न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दोन मुली संगीताच्या वर्गाला जातात. दोघींत मिळून एक फोन आहे, त्यावर तंबोरा लावून रियाज चालतो. मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि षड्ज तुटतो. त्यांतल्या एकीने आमच्याकडचा जुना तंबोरा प्रथम मांडीवर घेतला तेव्हा तार न छेडता ती नुसती भोपळ्याला कान लावून बसली. नवा चांगला तंबोरा आज त्यांच्या घरांच्या आवाक्यातला नाही. आणि त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर माळ्यावर तीन तंबोरे पडून आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही माळ्यांची नावे सांगणार नाही. माळ्यांनी स्वतःच ओळखावे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक विनंती ठेविली होती आणि गेल्या सभेत ती मान्य झाली, हे सांगण्यास आनंद वाटतो. सभागृहामागची खोली यापुढे वाद्यांसाठी राहील. आम्ही आपणांकडे देणगी मागत नाही, उसने मागतो. वाद्य आपलेच राहील, वहीत आपल्या घराचे नाव राहील, घरात कार्य निघाले किंवा नातवंडाला गाण्याची ओढ लागली की ते परत न्यावे. कोणी प्रश्न विचारणार नाही. तोपर्यंत ते शिकणाऱ्या मुलामुलीकडे एकेका वर्षाच्या बोलीने जाईल. दर दसऱ्याला सारी वाद्ये येथे परत येतील, पूजा होईल, आणि ज्याचे त्याने आपले वाद्य पाहून जावे, ऐकून जावे. ज्यांना मालकी ठेवायची नसेल आणि पैशांची गरज असेल त्यांनीही संकोच करू नये. योग्य किंमत ठरवून घेणारा वादक शोधून देण्याचे काम आम्ही करू. सूर उपटणाऱ्याला किंवा पोटात दिवा लावणाऱ्याला मात्र देणार नाही, एवढी अट आमची.

आज त्या खोलीत दोन तंबोरे, एक पायपेटी आणि एक हवायन गिटार आहे. गिटार कोणाची ते सांगितले तर टाळ्या पडतील आणि ते गृहस्थ उठून जातील, म्हणून सांगत नाही. नानांच्या घरचा लहान तंबोरा, आजींच्या मांडीवर बसणारा, परवाच आला. त्याची दांडी जरा वाकली आहे, पण भोपळा निरोगी आहे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. मार्गशीर्षात मिरजेहून कारागीर आठवडाभर येथे राहणार आहेत. जवारी, खुंट्या, फुटलेल्या तबल्या, सगळे पाहतील. त्याआधी वाद्ये खाली उतरवून ठेवा. उतरविताना तंबोरा गळ्याशी धरू नका, भोपळ्याखाली हात घाला, आणि तारा आधी सैल करा. ओल्या फडक्याने पुसू नका. उन्हात तर मुळीच ठेवू नका. वाद्याबरोबर एका कागदावर एवढे लिहून आणा की ते कोणी घेतले, साधारण कोणत्या साली, आणि घरात कोण वाजवीत असे. आठवत नसेल तर घरातील सर्वांत वृद्ध बाईंना विचारा, पुरुषांना विचारू नका, त्यांना फक्त किंमत आठवते. वही चिटणीसांच्या टेबलावर आहे. तारा आणण्याची गरज नाही. त्यांची सोय झाली आहे.